लाल चिमटा

३ फेब्रुवारी, रविवार

दादा,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. बावीस वर्षांनी एकदम प्रिय म्हटलं तर तुला वाटायचं, हिला काहीतरी हवंय. तसं काही नाही. पत्रास कारण मोटार.

पत्ता मावशीने दिला. फोन नंबर मागितला तर म्हणाली, त्याने शपथ घातलीय. पत्त्याबद्दल घालायची राहिली असावी. तू कुठल्याशा बंदरात क्रेन चालवतोस म्हणे, आणि तीही वर केबिनमध्ये बसून नाही, तर लांबच्या एका खोलीतून, समोर पडदा आणि हातात दोन दांडे. मी मावशीला म्हटलं, म्हणजे आमच्या दादाने छंद सोडला नाही, फक्त गाडी मोठी घेतली. ती हसली नाही.

मी दात करते. कवळ्या, टोप्या, जे लागेल ते. लॅबमध्ये आम्ही चौघी दिवसभर घासत बसतो. बाबांची कवळीही मीच केलीय, त्यामुळे ती टोचते की नाही हे ते मला कधी सांगत नाहीत. गेल्या महिन्यात माझ्या घासायच्या मशीनचं बेअरिंग वाजायला लागलं. पुरवठादार म्हणाला, तीन आठवडे थांबा. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, रिमोटच्या गाड्यांच्या दुकानात बघ, असली बारीक बेअरिंगं त्यांच्याकडे ढिगाने असतात.

गेले. बेअरिंग मिळालं. काउंटरवर एक गाडी होती, वरचं कवच काढून ठेवलेली. मी नुसतं बोटाने दाबून सोडलं आणि ती हळूच वर आली. शॉक-अब्सॉर्बरमध्ये तेल जरा जाड पडलंय, हे बोटाला आधी कळलं, मला नंतर. वय छत्तीस, नाकावर चष्मा, कंबरेला पट्टा. आणि बेअरिंग आणायला गेलेली बाई मोटार घेऊन घरी आली.

आता सगळं बदललंय. क्रिस्टल नाहीत, चिमटे नाहीत. रिमोटची आणि गाडीची एकदा ओळख करून द्यायची, की ती गाडी दुसऱ्या कुणाचं ऐकतच नाही, मग शेजारी पन्नास जण रिमोट घेऊन उभे असेनात का. दुकानदाराने हे सांगितलं तेव्हा मला तिथल्या स्टुलावर बसावं लागलं. त्याने पाणी आणून दिलं. बिचाऱ्याला वाटलं, मी किंमत ऐकून बसले.

दोन रविवार झाले, मी सकाळी गाडी घेऊन बाहेर पडते. पहिल्या दिवशी वळणावर तीनदा पालथी पाडली. चौथ्यांदा बरोबर वळली आणि मी भर मैदानात एकटी हसले. इतकं बरं वाटलं, की लगेच भीती वाटली.

गाडी लपवून ठेवणार होते, पण आमची खोली केवढी, आणि बाबांचा एक डोळा दोघांचं काम करतो. आज ते दारात उभे राहिले, टायर धुताना मला बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "त्याची कुठंय?"

तुझा विषय त्यांनी काढला, म्हणून लिहिलं. उत्तराची घाई नाही.

टाचणी

१३ फेब्रुवारी, बुधवार

दादा,

तुझ्या गाडीचा डबा मी काढला नाही, हे आधी सांगते. आईने तो दोरीने बांधून माळ्यावर टाकला होता, आणि ती असेपर्यंत त्याचं नावही कुणी काढलं नाही. मी लॅबमध्ये असताना सत्तर वर्षांचा माणूस शिडीवर चढला. परत आले तेव्हा टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर तुझी गाडी, तुझा रिमोट, आणि बाबा भिंग लावून बसलेले. दोरीची गाठसुद्धा त्यांनी कापली नव्हती, सोडवली होती.

कारण वेगळंच आहे, ते तुला कळायला हवं. उरलेल्या डोळ्यात काचबिंदू आहे. ११ मार्चला ऑपरेशन. झालं तर आहे तेवढं टिकेल, बिघडलं तर तेही जाईल, असं डॉक्टरनी स्वच्छ सांगितलंय. बाबा म्हणाले, "त्याच्या आत मला एक गोष्ट बघून घ्यायचीय. त्या दिवशी काय झालं."

आणि मग ते मला सगळं सांगायला लागले, जशी काही मी तिथे नव्हतेच. गोदामामागचं सिमेंटचं मैदान. ते तिसऱ्या वळणावर उभे, पालथ्या पडलेल्या गाड्या सरळ करायला. कुणाची तरी गाडी उलटली म्हणून उकिडवे बसले. तुझी गाडी सरळ रस्त्याने आली, वळायची ती वळली नाही, उलट होता नव्हता तेवढा वेग घेऊन थेट अंगावर. आवाजाने त्यांनी मान वर केली, ती नसती केली तर डोक्याला नुसतं टेंगूळ आलं असतं. डोळा गेला. तू गाड्या चालवायच्या चौथऱ्यावर रिमोट हातात धरून उभा होतास आणि सारखा म्हणत होतास, "मी काही केलेलं नाही बाबा, गाडी माझं ऐकत नाहीये."

तू किती वेळा म्हणालास तेही त्यांच्या लक्षात आहे. तीन वेळा.

आयुष्यभर दुकानादुकानांतले वजनकाटे तपासलेला माणूस. काटा चुकला की त्याला कारण असतं, आणि कारण सापडेपर्यंत उठायचं नाही, हा त्यांचा खाक्या. डोळा गेल्यावर काटे सुटले, खाक्या राहिला. रोज जेवताना तुला एकच विचारायचे, कारण सांग. चार महिने. तुझ्याकडे सांगायला कारण नव्हतं, आणि एका सकाळी तूही नव्हतास. मी तेव्हा चौदाची होते आणि तुझ्या रिकाम्या पाटावर बसायची मला बंदी होती.

बाबांनी पाठकोऱ्या कागदावर तीन ओळी लिहिल्यात. एक, गाडीतली अँटेनाची तार तुटली असेल. दोन, वेगाचा खटका अडकला असेल. तीन, रिमोटने दगा दिला असेल. मी म्हटलं, बाबा, लोखंडाला इतक्या वर्षांनी काय आठवणार. तर म्हणाले, लोखंडालाच आठवतं.

मला हे आवडत नाहीये, दादा. जेवताना ते टेबल डोळ्यासमोर असतं.

टाचणी

२४ फेब्रुवारी, रविवार

दादा,

तार शाबूत आहे. त्यांनी ती इंच-इंच बोटांतून ओढून पाहिली आणि पहिल्या ओळीवर काट मारली.

खटका उघडला. मला वाटलं होतं, गंजला असेल. तू तो इतका स्वच्छ ठेवला होतास, की बाबांनी भिंग बाजूला ठेवलं. मग म्हणाले, पोराचा हात चांगला होता. दुसऱ्या ओळीवर काट.

गाडीसाठी त्यांनी नवी बॅटरी आणायला लावली. दुकानदार म्हणाला, मॅडम, ही गाडी म्युझियमला द्या. रिमोटमध्ये नवे सेल घातले, गाडी लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवली, चाकं अधांतरी. आधी रिमोट लावायचा, मग गाडी, हे ते विसरलेले नाहीत. रिमोटचा घोडा, बंदुकीसारखा तो वेगाचा चाप, बोटाने ओढला. बावीस वर्षांनी तुझी गाडी बोलली. तोच आवाज. मी स्वयंपाकघरात होते आणि हातातली वाटी सुटली. बाबांनी दोन दिवस एकेक तास घोडा ओढून-सोडून पाहिला. गाडी एकदाही चुकली नाही. तिसऱ्या ओळीवर काट.

मला वाटलं, संपलं. काल त्यांनी चौथी ओळ लिहिली.

"दुसरा रिमोट."

तुला आठवत असेलच, पण लिहिते. प्रत्येक रिमोटमध्ये नखाएवढा क्रिस्टल, आणि प्रत्येक क्रिस्टलचा रंग. एकाच रंगाचे दोन रिमोट एका वेळी चालू झाले, की गाडी कुणाचंही ऐकायची. म्हणून तर बाबांनी तो फळा केला होता, सहा रंगांचे कपड्यांचे सहा चिमटे लावलेला. ज्याच्या अँटेनावर पिवळा चिमटा, त्यानेच पिवळा रिमोट लावायचा. चिमटा नाही तर रिमोट नाही. हा नियम त्यांचा, फळा त्यांचा, म्हणून इतकी वर्षं तिकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. त्या दिवशी त्यांनी जखमी डोळ्यावर रुमाल धरून दुसऱ्या डोळ्याने सगळ्यांच्या अँटेना पाहिल्या होत्या. पिवळा चिमटा एकच होता आणि तो तुझ्याकडे होता. माझ्याकडे लाल.

बाबा म्हणाले, सगळ्यांचे रिमोट आता कुठे मिळायचे. तुझा तेवढा आण, सुरुवात तिथून करू.

मी सांगितलं, माझा भंगारात गेला. आईनेच दिला.

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा खोटा डोळा जरा आतल्या बाजूला वळलेला असतो, त्यामुळे ते तुमच्याकडे बघताहेत की तुमच्या मागे, हे नीट कळत नाही. मग म्हणाले, बरं.

टाचणी

३ मार्च, रविवार

दादा,

बाबांनी निकाल दिला.

आज सकाळी त्यांनी गाडी पुसली, डब्यात ठेवली, आईसारखीच दोरी बांधली आणि कागद मला वाचायला दिला. चौथ्या ओळीवरही काट, शेजारी बारीक अक्षरात: पिवळा चिमटा एकच, टाचणीचा रिमोट भंगारात. खाली एकच वाक्य: यंत्रात दोष नाही, राहिला माणूस.

मी विचारलं, म्हणजे काय. ते शांतपणे म्हणाले, म्हणजे त्यानेच अंगावर घातली. भरधाव. मला घाबरवायला असेल, नाहीतर फुशारकी असेल. आदल्या दिवशी मी त्याला सगळ्यांसमोर बोललो होतो, त्याचा राग. इतकी वर्षं मला वाटायचं, गाडीचाच दोष असेल आणि मी पोराला फुकट घालवलं. आता जीव हलका झाला.

खरंच हलका झालाय. दुपारी शीळ घालत होते. मी त्यांची शीळ शेवटची कधी ऐकली ते आठवत बसले.

मग म्हणाले, ऑपरेशनचं त्याला कळवायचं नाही. काही झालं तरी कळवायचं नाही. माझ्या मागेसुद्धा नाही. मला शब्द दे.

मी दिला, दादा. तोंडातून निघून गेला. आणि आता तो मोडून हे लिहितेय. शब्द मोडल्याचं काही वाटत नाहीये, यावरून ओळख, दुसरं काय वाटत असेल.

मी रविवारची गाडी बंद केलीय. चाकांचा आवाज सहन होत नाही.

टाचणी

९ मार्च, शनिवार

दादा,

सहा दिवस हे पत्र लिहून फाडतेय. आता सरळ लिहिते.

माझा रिमोट भंगारात गेलेला नाही. लॅबमधल्या माझ्या कपाटात, दातांच्या साच्यांच्या मागे आहे. नोकरी लागली त्या वर्षी घरातून हलवला. फेकता आला असता. दर वर्षी कपाट आवरताना हातात घेते आणि परत ठेवते. का, ते विचारू नकोस.

त्या दिवशी सकाळी माझा लाल क्रिस्टल हातातून पडला आणि फुटला. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी मला नेलंच नसतं. तुझ्या डब्यात पिवळ्याची जादा जोडी होती. तू अंघोळीला गेला होतास. मी एक माझ्या रिमोटमध्ये घातला, एक गाडीत. वाटेत तुला सांगणार होते, पण तू सायकलवर पुढे निघून गेलास. मैदानात पोचल्यावर मी फळ्यावरून लाल चिमटा काढून अँटेनाला लावला. फसवायला नाही. दर रविवारी लाल लावायची, हाताने लालच उचलला.

तुझी फेरी संपेपर्यंत थांबायचं, एवढं मला कळत होतं. फक्त चाकं फिरतात का, ते गाड्या ठेवायच्या टेबलाखाली बघून घ्यावं म्हटलं. रिमोटचा चालू-बंदचा खटका वर केला, घोडा एकदा ओढला. चार सेकंद झाले असतील. मग ओरडा ऐकू आला आणि मी खटका खाली केला.

तू तीन वेळा म्हणालास, गाडी माझं ऐकत नाहीये. तिन्ही वेळा मला माहीत होतं, ती कुणाचं ऐकत होती. मी उभी राहून लाल चिमट्याकडे बघत होते. नंतर बाबांनी सगळ्यांच्या अँटेना तपासल्या, माझ्यापाशी आले, चिमटा पाहिला आणि रक्ताने भरलेल्या हाताने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, घाबरू नकोस.

चार महिने तू माझ्यासमोर जेवत होतास. ते कारण विचारायचे आणि मी खाली मान घालून भात कालवायची. लहान होते, असं स्वतःला खूप वर्षं सांगितलं. पण गेल्या महिन्यात मी छत्तीसची होते, आणि 'भंगारात गेला' हे मी छत्तीसाव्या वर्षी म्हणालेय. तेवढ्यावरून त्यांनी तुला दुसऱ्यांदा दोषी ठरवलं.

परवा ऑपरेशन. त्याच्या आधी त्यांना सांगायचं धाडस मला होत नाहीये. डॉक्टर म्हणालेत, डोळ्यातला दाब वाढू देऊ नका, त्यांना शांत ठेवा. बघ, मला निमित्तसुद्धा किती चांगलं मिळतं.

टाचणी

१४ मार्च, गुरुवार

दादा,

ऑपरेशन सोमवारी झालं. आत रक्त उतरलंय. २५ तारखेपर्यंत पट्टी काढायची नाही. दिसेल का, विचारलं तर डॉक्टर म्हणतात, बघू. डोळ्याच्या डॉक्टरने तरी हा शब्द वापरू नये.

बाबा परवा घरी आले. खुर्चीत बसून असतात. मी हाताला धरून नेते, घास हातात देते, गोळीचं नाव वाचून दाखवते. मी जे वाचेन तेच गोळीवर लिहिलेलं असतं. काल सकाळी त्यांनी मला विचारलं, दिवा चालू आहे का, आणि मी आहे म्हटलं. मग लक्षात आलं, की मी नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. आता या घरात मी म्हणेन ते खरं. त्या क्षणी मला माझीच इतकी भीती वाटली, की मी तशीच उठून लॅबमध्ये गेले आणि रिमोट, वाटेत त्याला नवे सेल, घेऊन आले.

डबा सोडला. तुझी गाडी ठोकळ्यावर ठेवली. तुझ्या रिमोटची अँटेना आत ढकलली आणि तो चालू करून बाबांच्या हातात दिला. मग गाडी लावली. ते म्हणाले, हे काय चाललंय. मी म्हटलं, नुसता धरा बाबा, घोड्याला बोट लावू नका.

मग मी दारात जाऊन उभी राहिले, माझी अँटेना पूर्ण ओढली आणि खटका वर केला.

चाकं आधी थरथरली. मी घोडा ओढला तशी ती किंचाळायला लागली. गाडी ठोकळ्यावर नाचली, वर्तमानपत्र उडालं. बाबांनी दोन्ही हात रिमोटवरून वर उचलले, रिमोट मांडीवर पडला.

"मी काही केलेलं नाही," ते म्हणाले. "मी हात लावलेला नाही. ती माझं ऐकत..."

तिथे थांबले.

मी खटका खाली केला. खोलीत चाकं एकटीच फिरत राहिली, मग तीही थांबली.

"घरात दुसरं कोण आहे?" बाबांनी विचारलं.

"मीच आहे, बाबा."

मग त्यांनी हात पुढे केला. मी माझा रिमोट त्यात ठेवला. त्यांनी मागचं झाकण नखाने उघडलं, चाचपून क्रिस्टल काढला, अंगठ्याखाली फिरवला. रंग बोटाला कळत नाही.

"कुठला?"

"पिवळा."

"आणि चिमटा?"

"लाल लावला होता."

त्यांनी मान हलवली, वजनकाट्याचं कारण सापडलं की हलवायचे तशी. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते रात्री जेवले नाहीत. आज सकाळीही माझ्या हातून पाणी घेतलं नाही, भिंतीला धरून स्वतः माठापर्यंत गेले. वाटेत दोनदा धडकले. मी मदतीला उठले, तर पावलांच्या आवाजानेच थांबले आणि मी खाली बसेपर्यंत पुढे गेले नाहीत.

दुपारी बोलले. "त्याला लिही. पट्टी सुटेल तेव्हा समोर तो हवा. दिसलं तर आधी तो दिसू दे. नाही दिसलं, तर त्याचा हात हातात दे."

मी विचारलं, "आणि मी?"

"तू बाहेर थांब."

मी थांबेन. तक्रार नाही. तू त्यांना काय म्हणशील, मला काय म्हणशील, ते तू ठरव. फक्त एक कर. पत्र पाठवू नकोस. तुझं पत्र आलं तर ते वाचून दाखवणारी मीच, आणि त्यात 'येत नाही' असं असेल तर मी काय वाचेन, याचा मला भरवसा नाही. यायचं नसेल तर मावशीला फोन करून सांग, तिला घरी येऊन बाबांना सांगायला लाव. यायचं असेल तर ये. २५ तारीख, सोमवार, सकाळी दहा. मावशीला दवाखाना माहीत आहे.

पाकिटात कापसात गुंडाळलेलं नखाएवढं काही लागेल, ते टाकून देऊ नकोस. बाबांनीच माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, हा त्याचा आहे, त्याला परत कर.

मी न विचारता घेतला होता.

टाचणी